चौथ्या गाण्याला चढ

चौथ्या गाण्याचा ढोल सुरू झाला की आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचा डावा पाय आपोआप वर येतो. टाच जमिनीवरच असते, चवडा तेवढा हळूहळू उचलला जातो. हे मी थट्टेने लिहीत नाही, मोजून लिहिते आहे. मागच्या वर्षी एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं झाल्यावर कोणीतरी जुन्या अल्बमची गाणी लावली. मी मागच्या रांगेत बसले होते. चौथं गाणं लागलं. आधी लांबलचक बासरी, मग ढोल. माझ्या पुढच्या रांगेत अकरा माणसं होती, त्यातल्या सात जणांचा चवडा वर आला. दातांचे डॉक्टर, पोस्टातल्या बाई, त्यांचे यजमान, शाळेचा शिपाई. एकालाही पत्ता नव्हता. डॉक्टर तर त्याच वेळी शेजाऱ्याशी बदलीविषयी बोलत होते.

हे सगळे माझ्या मामाचे विद्यार्थी.

मामाची ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि मामा. गाव त्याला मास्तर म्हणतं. गाडीचं इंजिन दोनदा बदललं, दारं एकदा बदलली, पण टेपमधली कॅसेट अठ्ठावीस वर्षांत बदललेली नाही, कारण ती निघतच नाही. किल्ली फिरवली की गाणं सुरू, किल्ली काढली की बंद. एक बाजू संपली की टेप आपणच दुसरी बाजू लावतो. दोन्ही बाजूंची मिळून आठ गाणी, चाळीस मिनिटं. मामाचा धडाही चाळीस मिनिटांचा. कोण कोणाप्रमाणे बेतलं गेलं, हे आता त्यालाही सांगता येत नाही.

पहिल्या गाण्याला पट्टा आणि आरसा. दुसऱ्याला क्लच. तिसऱ्याला रिव्हर्स, कारण ते गाणं सगळ्यात संथ आहे. चौथ्याला चढ: बासरी चालू असेपर्यंत ब्रेकवर थांबायचं, ढोल आला की क्लच हळू सोडायचा. पाचव्या-सहाव्याला बाजारपेठ आणि गर्दी. सातवं गाणं इतकं रडकं आहे की त्या वेळी मामा कोणालाही वळण देत नाही, सरळ रस्त्याने नेतो. आठव्याला पार्किंग. आणि आठवं संपेपर्यंत गाडी बंद करायची नाही. नाहीतर पुढचा विद्यार्थी बसल्या बसल्या रिव्हर्समध्ये सुरुवात करेल.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे, लिफ्टची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करते. माझ्या शिक्षणाप्रमाणे ती कॅसेट दहा वर्षांपूर्वीच तुटायला हवी होती. ती तुटली नाही, फक्त झिजली. वरचे सूर गेले. गायक आता बंद दाराआडून गातो आहे असं वाटतं. फीत ताणली गेल्यामुळे तिसरं गाणं आणखी संथ झालंय, त्यामुळे अलीकडच्या विद्यार्थ्यांचा रिव्हर्स जुन्यांपेक्षा चांगला असतो. हे माझं निरीक्षण आहे. मामाच्या मते ते त्याच्या शिकवण्याचं श्रेय आहे.

कॅसेट मुळात मामीची. लग्नाआधी तिने घेतलेली. डबीवरच्या चित्रात गायक भर उन्हात कोट घालून मोटरसायकलला टेकलेला आहे. मामी तेव्हा म्हणायची, "डोळे बघा त्याचे."

मामा म्हणायचा, "उन्हामुळे बारीक झालेत."

त्या अल्बममध्ये एक मुलगा एका मुलीची गल्ली सोडून दूर जातो आणि आठही गाणी तिची आठवण काढतो. विशीतल्या मामीला वाटायचं, प्रेम करावं तर असं. आता ती म्हणते, "आठ गाण्यांत एकदा तरी कामधंद्याचं बोलला का तो?" मामाला मात्र पहिल्या दिवसापासून तो अल्बम सहन होत नव्हता. आणि ज्याला सहन होत नव्हता, त्यानेच तो दिवसातून आठ-नऊ वेळा ऐकला.

विद्यार्थ्यांचंही तसंच. सुरुवातीचे लोक गाणी नवीन म्हणून खूश असायचे. एक जण तर लायसन्स मिळाल्यावरही आठवडाभर येत राहिला, सातव्या गाण्यासाठी. नंतरचे म्हणायला लागले, "मास्तर, दुसरं काही नाही का हो?" माझ्या वयाच्या लोकांना त्या गाण्यांनी हाताला घाम सुटतो. दातांचे डॉक्टर दाढेवर टोपी बसवताना आठवं गुणगुणतात, ते पार्किंगचं, आणि मग ती टोपी म्हणे नेमकी जागेवर बसते. हल्लीच्या मुलांना तेच जुनेपण आवडतं, ती फोनवर रेकॉर्ड करतात. एक मुलगी सहाव्या गाण्याला डोळे मिटून म्हणाली, "मास्तर, किती खोल आहे ना हे."

"खड्डा आहे तो," मामा म्हणाला. "डोळे उघड आणि गिअर कमी कर."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण परवाना कचेरीचं पत्र आलं. नवा नियम झाला होता: पासष्ट पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकवणाऱ्याने स्वतः गाडी चालवून दाखवायची, कचेरीच्या मैदानात, कचेरीच्या गाडीत. नापास झाल्यास शिकवण्याचा परवाना रद्द, आणि वर्षभर पुन्हा परीक्षा नाही. मामाला पासष्ट पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. परीक्षेला पंधरा दिवस होते.

मी तेव्हा सुट्टीवर त्यांच्याकडेच आले होते. मामाने पत्र वाचलं, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवलं.

"मला चालवून दाखवायला सांगतायत," तो म्हणाला. "मी अर्ध्या गावाला शिकवलंय."

"शिकवलंत हो," मामी म्हणाली. "पण चालवलीत कधी शेवटची?"

मग आम्ही तिघांनी बसून हिशोब लावला. सकाळचा पहिला विद्यार्थी घरी येतो, गाडी तोच काढतो. अकराच्या विद्यार्थ्याला बाजारपेठेचा सराव असतो, तेव्हा भाजी येते. संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी मामाला घरी सोडतो आणि चालत आपल्या घरी जातो. मामीच्या बहिणीकडे जायचं असलं, तरी मामा कोणातरी जुन्या विद्यार्थ्याला "लांबच्या रस्त्याचा सराव" द्यायचा. असं मागे मागे जात आम्ही वीस वर्षांवर पोहोचलो आणि तिथे मामाच म्हणाला, पुरे.

"परवाना गेला तर मी घरी बसून दिवसभर करू काय?" त्याने विचारलं.

"माझ्यापुढेही तोच प्रश्न आहे," मामी म्हणाली. पण हसली नाही. तिने पत्र फ्रिजवरून काढून पुन्हा एकदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात मी मामाला घेऊन गेले. म्हणजे मीच चालवत नेलं, सवयीप्रमाणे. तिथे नियमाप्रमाणे आठवं गाणं संपल्यावर गाडी बंद करून आम्ही जागा बदलल्या. मामा स्टिअरिंगपुढे बसला आणि मी त्याच्या जागेवर, जिथे शिकवणाऱ्यासाठी जादाची दोन पेडलं आहेत. त्याने किल्ली फिरवली. पहिलं गाणं सुरू झालं.

"पट्टा," मामा म्हणाला.

मी पट्टा लावला.

"आरसा बघ."

मी वाट पाहत होते. तोही वाट पाहत होता.

"बघ की गं."

"मामा, आरसा तू बघायचाय."

"हो, हो," तो म्हणाला आणि आरशाकडे असा बघायला लागला, जसा कोणी दुसऱ्याच्या घरातला आरसा बघतो.

दुसऱ्या गाण्याला गाडी निघाली, धक्के खात, पण निघाली. एवढ्यात समोरून एक कुत्रं आडवं गेलं. मामाने उजवा पाय जोरात दाबला आणि गाडीने थांबायच्या ऐवजी उडीच मारली. ब्रेक मी लावला, माझ्या बाजूचा. कुत्रं थांबून आमच्याकडे बघून गेलं.

असं एकदा नाही, चारदा झालं. कुत्रं नसताना दगडाला झालं, दगड नसताना मी खोकले म्हणून झालं. शेवटी मी वहीच्या पानावर आकृती काढली. शिकवणाऱ्याच्या बाजूला दोन पेडलं: डाव्या पायाला क्लच, उजव्याला ब्रेक. चालवणाऱ्याच्या बाजूला तीन: क्लच, मध्ये ब्रेक, आणि कडेला अॅक्सिलरेटर. अठ्ठावीस वर्षं मामाच्या उजव्या पायाने घाबरल्यावर कडेचं पेडल दाबलं होतं, आणि दर वेळी गाडी थांबली होती. पायाचं काही चुकत नव्हतं. पाय चुकीच्या सीटवर बसला होता.

मामाने पान उलटंसुलटं करून पाहिलं. "मला पेडलं मोजून दाखवायला इंजिनियर झालीस होय?"

"पुढचं ऐक. गाणं चालू असलं की तू मास्तर होतोस. सूचना देतोस आणि समोरचा करेल म्हणून थांबतोस. लोकांना ती गाणी ऐकून गाडी चालवता येते. तुला ती ऐकून दुसऱ्याकडून चालवून घेता येते."

"मग?"

"मग गाणं बंद."

त्याला ते पटलं नाही, पण परीक्षेच्या गाडीत टेप नसणार हे त्यालाही माहीत होतं. मी टेपचा फ्यूज काढून खिशात टाकला. गाडीत शांतता पसरली. मामाने किल्ली फिरवली आणि दचकला.

"हा आवाज कसला?"

"इंजिनचा."

"असा येतो?"

"पहिल्यापासून येतोय, मामा."

आता तो सूचना देईना, पण काही करेनाही. पहिल्या गिअरवर त्याने संपूर्ण मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. दुसरा कधी टाकायचा हे त्याला कळत नव्हतं, कारण दुसरा गिअर म्हणजे दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं. मी म्हटलं, इंजिनचा आवाज ऐक. तो म्हणाला, ऐकतोय, पण त्यात कडवं कुठे आहे. असे दहा दिवस गेले. पाय आता मधलं पेडल शोधायला शिकला होता, पण मन लागत नव्हतं. घरी येऊन तो दोन घास कमी जेवायचा. विद्यार्थी त्याने रजेवर पाठवले होते. एका संध्याकाळी मी पाहिलं, तो गेटवरची स्कूलची पाटी ओल्या फडक्याने पुसत होता. ती पाटी त्याने याआधी पुसलेली मला आठवत नाही.

परीक्षेला तीन दिवस असताना मामी मैदानात आली. चालत आली, चपला हातात घेऊन, कारण मैदानात काटे नसले तरी चिखल होता. ती दोन फेऱ्या बाहेरूनच बघत उभी राहिली. मग तिने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उठ गं."

मी मागे बसले. मामी पुढे बसली, पट्टा लावला, काच खाली केली आणि पहिलं गाणं म्हणायला लागली. मामीचा आवाज चांगला आहे असं तिच्या आईचं मत होतं. सुरुवातीची धून ती नाकातून काढते आणि वरच्या सुरावर पोहोचायच्या आधी थोडी अलीकडेच उतरते. हातवारेही करते.

"अगं, काय हे," मामा म्हणाला.

"चला तुम्ही."

मामाने दात आवळले. गाडी निघाली.

मामी गातच राहिली. पहिल्या कडव्यानंतर थांबून म्हणाली, "काही म्हणा, डोळे मात्र होते त्याचे."

"उन्हामुळे बारीक झाले होते," मामा म्हणाला आणि दुसरा गिअर टाकला. मग तिसरा. वळण घेतलं, आरसा बघून घेतलं. मैदानाच्या टोकाला कचऱ्याचा डबा होता, त्याच्याशी त्याने गाडी अशी आणून थांबवली की मधे फक्त एक वीत राहिली. मधल्या पेडलने.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

मामीने काच वर केली. "गाडी नवीन होती तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो. कॅसेट लावून मी मोठ्याने गायचे आणि हे असेच दात खाऊन चालवायचे. फार छान चालवायचे. मग ती अडकली, शिकवण्या वाढल्या, आणि माझी सीट ह्यांनी घेतली."

"तुझी कशी? ती शिकवणाऱ्याची आहे," मामा म्हणाला.

"आधी माझी होती."

म्हणजे एकच अल्बम, पण कॅसेटमधून आला तर मामा मास्तर, आणि मामीच्या तोंडून आला तर एक चिडलेला नवरा. चिडलेल्या नवऱ्याला गाडी उत्तम येत होती. माझ्या आकृतीत हे कुठेच नव्हतं.

पुढचे दोन दिवस मामी गात राहिली आणि मामा चालवत राहिला. आदल्या दिवशी त्याने विचारलं, "उद्या तुला आत बसू देणार नाहीत. तेव्हा?"

"मनातल्या मनात चिडा," मामी म्हणाली. "तेवढं तुम्हाला जमतं."

परीक्षेच्या दिवशी मी आणि मामी कचेरीच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या राहिलो. हातात पॅड घेऊन परीक्षक बाई आल्या आणि मामीने माझा दंड धरला. बाई मामाच्याच विद्यार्थिनी. चौदा वर्षांपूर्वी सातव्या गाण्याला हमखास रडायच्या, मामाने त्यांच्यासाठी गाडीत रुमाल ठेवला होता.

"ओळखीची आहे ते बरं," मी म्हटलं.

"बरं कसलं," मामी म्हणाली. "ओळखीची म्हणजे जास्त कडक."

गाडी निघाली. आठचा आकडा झाला. रिव्हर्स झाला. लांबूनसुद्धा दिसत होतं, मामा दात आवळून चालवतो आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. मग गाडी चढावर आली आणि मध्यावर थांबली. चढावर थांबून पुन्हा निघायचं, असाच नियम आहे. पण ती निघेना. आम्ही बघत होतो. गाडी थांबलेलीच. मग ती हातभर मागे घसरली. मामीने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटली होती.

आत काय झालं ते मला नंतर दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. गाडी चढावर थांबली तशी बाई पॅडवर काहीतरी लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता बासरी गुणगुणायला लागल्या. चौथ्या गाण्याची. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. चौदा वर्षं प्रत्येक चढावर त्या हेच करत आल्या होत्या.

मामाचे हात स्टिअरिंगवरून निघून मांडीवर आले. ब्रेकवरचा पाय सैल झाला. "ढोलाला हळू सोड," हे वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. आणि सवयीने त्याने शेजारच्याचे पाय पाहिले. बाईंची टाच खाली होती आणि चवडा हळूहळू वर येत होता. पण त्या चवड्याखाली पेडल नव्हतं. नुसती रबरी चटई होती.

"तेव्हा मला समजलं," मामा म्हणाला, "की ह्या गाडीत गाडी चालवणारं दुसरं कोणी नाहीये."

त्याने मधलं पेडल दाबलं. गाडी थांबली. मग तो बाईंकडे न बघता म्हणाला, "गाणं बंद कर. गाडी मी चालवतोय."

"सॉरी, मास्तर," बाई म्हणाल्या आणि पॅड सरळ धरून बसल्या.

त्या शांततेत मामाने मनातल्या मनात मामीचा सूर लावला, तोच, वरच्या पट्टीच्या थोडा अलीकडे उतरणारा. चिडला. आणि चढ चढून गेला.

निकालाच्या कागदावर "उत्तीर्ण" लिहिलेलं होतं. चढावर मागे घसरल्याचे गुण कापले होते. खाली शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: उमेदवार परीक्षकाला सूचना देतो. त्याखाली, बारीक अक्षरात: सूचना बरोबर असते.

मामाने तो कागद मामीला दिला. मामीने वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. कचेरीच्या फाटकाशी मामाचा एक जुना विद्यार्थी उभा होता, सवयीने पुढे होऊन म्हणाला, "चला मास्तर, सोडतो घरी."

"आज नको," मामा म्हणाला.

तो आपल्या जुन्या गाडीत स्टिअरिंगपुढे बसला. मामी जादाच्या पेडलांच्या सीटवर, मी मागे. माझ्या खिशात फ्यूज होता. मी तो काढून पुढे केला. "लावू का परत? उद्यापासून विद्यार्थी येतील."

"उद्या लाव," मामी म्हणाली.

मामाने गाडी काढली. बाजारपेठेतून नीट नेली, रिक्षावाल्याला जागा दिली, शाळेपाशी हळू केली. इतक्या वर्षांत तो ह्या रस्त्याने रोज आला होता, पण नजर समोरच्याच्या पायांवर असायची. तो आता दुकानांच्या पाट्या वाचत होता. "हे कापडाचं दुकान कधी झालं?" त्याने विचारलं. मामी म्हणाली, नऊ वर्षं झाली. असं बघत बघत, खुशीत, तो आमच्या घराची गल्ली सोडून सरळ पुढे निघाला.

मामीने शांतपणे आपला उजवा पाय दाबला. गाडी थांबली.

मामाने तिच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गल्ली मागे राहिली," मामी म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग?"

मामाने रिव्हर्स गिअर टाकला. मामीने खिडकीवर कोपर टेकवलं आणि तिसरं गाणं गुणगुणायला लागली, ते सगळ्यात संथ. मामाने दात आवळले आणि आरशात बघितलं.